परदेशीं जाणारे दाखले



गेल्या दिवाळीच्या सुटींत माझा एक जुना विद्यार्थी घरीं आला. तो हल्लीं हॉलंड देशांत आइंडहोवन शहरीं एका कारखान्यांत इंजिनियर आहे. तीस वर्षांपूर्वीं बोरी नदीच्या कांठच्या एका खेड्यांत तो माझ्यासमोर पाटी घेऊन बसत असे. चहा झाला, घरची चौकशी झाली, आणि मग त्यानें पिशवींतून दोन कागद काढून माझ्यापुढें ठेवले. एक ग्रामपंचायतीनें दिलेला जन्माचा दाखला. त्यावर जन्मतारीख 9 ऑक्टोबर 1988. दुसरा शाळा सोडल्याचा दाखला. त्यावर 1 जून 1988. दोन्ही कागदांच्या पाठीवर भारत सरकारच्या परराष्ट्र खात्याची सारखीच चौकोनी चिठ्ठी चिकटविलेली होती. तो म्हणाला, "गुरुजी, तिकडच्या नगरपालिकेंतला कारकून मला विचारतो कीं, तुमच्या देशांत माणूस दोनदां जन्मास येतो काय? मीं त्याला काय सांगावें?"

मीं त्याला तत्काळ उत्तर दिलें नाहीं. उत्तर मला ठाऊक होतें, म्हणूनच दिलें नाहीं. आज तें सांगावयाचें आहे. परंतु त्याआधीं ही चौकोनी चिठ्ठी काय वस्तु आहे हें सांगितलें पाहिजे. कारण आपल्या जळगांव-धुळें भागांतील पुष्कळ तरुण आतां शिक्षणाकरितां, नोकरीकरितां किंवा लग्न होऊन परदेशीं जातात, आणि या चिठ्ठीपायीं त्यांच्या आईबापांस बरीच धांवपळ करावी लागते. मी कायद्याचा पंडित नव्हे. जुन्या अकरावीचा मॅट्रिक, आणि पुढें जन्मभर प्राथमिक शिक्षक. जें सांगणार आहें तें या मुलाच्या कागदांमागें हिंडतांना शिकलों तेवढेंच.

मूळ अडचण अगदीं साधी आहे. आपल्या गांवच्या ग्रामसेवकाची सही तालुक्याच्या कचेरींत ओळखीची असते. तालुक्याची सही जिल्ह्यास ओळखीची, जिल्ह्याची मुंबईस. परंतु आइंडहोवनच्या कचेरींत ती कोण ओळखणार? आपल्या खानदेशांतील जुन्या व्यापाऱ्यांस ही गोष्ट निराळी समजावून द्यावयास नको. परगांवची हुंडी आली कीं ते आधीं तिच्यावर ओळखीच्या पेढीचें नांव आहे कीं नाहीं तें पाहत. कागदाचेंहि तसेंच आहे. खालच्या सहीस वरच्यानें ओळख द्यावयाची, त्याच्या सहीस त्याच्याहि वरच्यानें, आणि शेवटीं ज्या देशांत कागद जावयाचा त्या देशाच्या वकिलातीनें. अशी ही साखळी पूर्वीं सर्वच देशांकरितां असे. एक कडी राहिली कीं सारा कागद परत.

ही साखळी तोडण्याकरितां 5 ऑक्टोबर 1961 रोजीं हॉलंडमधील हेग या शहरीं कांहीं राष्ट्रांनीं एक करार केला. त्यांनीं ठरविलें कीं, ज्या देशाचा कागद, त्या देशाच्या एका नेमलेल्या अधिकाऱ्यानें त्यावर एक ठराविक शेरा मारावा, आणि करारांतील इतर सर्व देशांनीं तो शेरा पुरेसा मानावा. वकिलातीचा शिक्का मागूं नये. या शेऱ्यास फ्रेंच भाषेंतील अपोस्टिल हें नांव दिलें. त्या शब्दाचा मूळ अर्थच कागदाच्या कडेस लिहिलेली टीप असा आहे. भारतानें हा करार पुढें पुष्कळ वर्षांनीं स्वीकारला, आणि 14 जुलै 2005 पासून तो आपल्यास लागू झाला. आखाती देशांपैकीं ओमान 2012 मध्यें या करारांत आला, सौदी अरेबिया 2022 च्या डिसेंबरांत. दुबईस गेलेल्या आपल्या लोकांनीं मात्र वकिलातीचा लांबचा रस्ताच तुडवला आहे. म्हणून कागद कोणत्या देशीं जावयाचा हें आधीं सांगितल्याखेरीज कोणता शिक्का घ्यावा तें ठरत नाहीं. हें न सांगतांच कागद पाठवून दिलेले लोक मीं पाहिले आहेत.

आतां त्या चिठ्ठीकडे वळूं. ती चौकोनी असते, आणि तिची बाजू निदान 9 सेंटिमीटर असावी असें करारांतच लिहिलें आहे. माथ्यावर फ्रेंच भाषेंत कराराचें नांव आणि तारीख. खालीं दहा आंकडे घातलेल्या ओळी. देश कोणता, कागदावर सही कोणाची, सही करणारा कोणत्या हुद्यावर, शिक्का कोणाचा. मग हा शेरा कोठें दिला, केव्हां दिला, कोणीं दिला, अनुक्रमांक काय. आणि शेवटीं शिक्का व सही. झालें. मीं माझा चष्मा पुसून त्या दहा ओळी दोनदां वाचल्या. आंत लिहिलेला मजकूर खरा आहे, असें त्यांत कोठेंहि म्हटलेलें नाहीं. करारानेंहि तसें म्हटलेलें नाहीं. सही खरी आहे, सही करणाऱ्याचा हुद्दा खरा आहे, आणि शिक्का ज्या कचेरीचा म्हणतात त्याच कचेरीचा आहे, एवढ्याच तीन गोष्टींची ग्वाही ती चिठ्ठी देते. ग्रामसेवकानें खऱ्या सहीनें खोटी तारीख दिली, तरी चिठ्ठी खरीच राहते.

हें आमच्या लोकांच्या ध्यानांत येत नाहीं. चिठ्ठी लागली म्हणजे सरकारनें कागद खरा ठरविला, असें ते समजतात. माझा विद्यार्थीहि तसेंच समजत होता, आणि म्हणून दोन तारखांच्या दोन कागदांवर दोन खऱ्या चिठ्ठ्या पाहून तो गोंधळला.

ही चिठ्ठी मिळविण्याची रीति थोडक्यांत सांगतों. जन्माचा वा विवाहाचा दाखला असेल तर तो आधीं राज्य सरकारच्या गृह खात्यानें पाहावा लागतो. शिक्षणाचा कागद शिक्षण खात्यानें, व्यापाराचा चेंबर ऑफ कॉमर्सनें. त्यानंतर परराष्ट्र खातें. पूर्वीं हें काम दिल्लीस पतियाळा हाऊसमध्यें चाले. 2019 पासून मुंबईसहि सोय झाली आहे. परराष्ट्र खातें 2012 पासून लोकांकडून समक्ष कागद घेत नाहीं. त्यानें नेमलेल्या संस्थांमार्फतच ते द्यावे लागतात. अपोस्टिलची सरकारी फी एका कागदास 50 रुपये आहे. नेमलेली संस्था आपलें थोडें शुल्क निराळें घेते. दलालाची फी किती, हें मी सांगत नाहीं. ती बहुधा गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावरची घाई पाहून ठरते. चिठ्ठीवरील अनुक्रमांक परराष्ट्र खात्याच्या संगणकावरील नोंदींत ताडून पाहतां येतो, आणि दलालाकडून कागद हातीं येतांच तो ताडून पाहावा. आणखी एक. दाखला मिळाला कीं तो प्लास्टिकमध्यें बंद करून आणण्याची आमच्या लोकांस भारी हौस. तसा बंद केलेला कागद घेत नाहींत, कारण त्यावर शिक्का उमटत नाहीं आणि सही करतां येत नाहीं. मीं स्वतः पुष्कळ पालकांस तो सल्ला दिला होता. तो आतां परत घेतों.

खानदेशच्या कागदांस स्वतःचेहि कांहीं रोग आहेत. 1906 मध्यें खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. त्यामुळें आजोबांच्या कागदावर पूर्व खानदेश, बापाच्या कागदावर जळगांव, आणि गांव मात्र तेंच. धुळ्याचें इंग्रजी नांव जुन्या कागदांवर 'धुलिया' असें लिहिलेलें सांपडतें. 1 जुलै 1998 रोजीं नंदुरबार हा निराळा जिल्हा झाला. तेव्हां 1990 मध्यें शहाद्यास जन्मलेली मुलगी धुळें जिल्ह्यांत जन्मली कीं नंदुरबार जिल्ह्यांत, हा प्रश्न परक्या देशांतील कारकुनास पडल्यास त्याला दोष देतां येत नाहीं. पदव्यांचें तर विचारूंच नका. खानदेशांतला पदवीधर 1949 पूर्वींचा असेल तर मुंबई विद्यापीठाचा, त्यानंतरचा पुणें विद्यापीठाचा, आणि 1990 मध्यें जळगांवास उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ निघाल्यानंतरचा तेथला. त्या विद्यापीठासहि 2018 मध्यें कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचें नांव दिलें गेलें. म्हणजे एका भावाच्या पदवीवर एक नांव, आणि चार वर्षें धाकट्या भावाच्या पदवीवर दुसरें. दहावी-बारावीच्या गुणपत्रकांकरितां मात्र धुळें, जळगांव, नंदुरबार या तिघांनाहि नाशिकच्या विभागीय मंडळाकडेच जावें लागतें.

नांवांच्या इंग्रजी लेखनाची गंमत निराळीच. ज्ञानेश्वर हें नांव कोणी 'डी' या अक्षरानें आरंभितो, कोणी 'जी' या अक्षरानें. चौधरी हें आडनांव तर माझ्या एकाच वर्गांत तीन तऱ्हांनीं लिहिलें जाई, आणि तिन्ही मुलें सख्खीं चुलत भावंडें. मुलींचें लग्न झालें कीं नांव, बापाचें नांव आणि आडनांव, तिन्ही बदलण्याची कांहीं घरांत चाल आहे. अशी मुलगी नवऱ्याबरोबर परदेशीं जावयास निघाली म्हणजे तिच्या दहावीच्या कागदावरील बाई आणि पासपोर्टावरील बाई एकच, हें सिद्ध करण्यास तिसरा कागद लागतो, आणि त्या तिसऱ्यासहि चिठ्ठी लागते.

अशा घोटाळ्यांमुळें परक्यांच्या मनांत आपल्या कागदांविषयीं संशय उत्पन्न होतो. नवा देश करारांत येतो तेव्हां जुन्या सभासदांस त्याच्यापुरती हरकत घेण्याचा हक्क आहे. भारत करारांत आला त्या वेळीं जर्मनीनें अशी हरकत घेतली. ती जोंवर उभी आहे तोंवर आपल्या दाखल्यावरची ती चौकोनी चिठ्ठी जर्मनीपुरती निरुपयोगी. तेथील कचेरीस शंका आली कीं ती वकिलातीमार्फत माणूस नेमून मूळ गांवीं चौकशी करविते. तो माणूस ग्रामपंचायतींत जातो, शाळेंत जातो, आणि मूळ वही उघडून पाहतो. 2024 मध्यें आपल्या राज्य सरकारनें जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशीं कुशल कामगार पाठविण्याविषयीं करार केला, तेव्हां खानदेशांतील पुष्कळ मुलांनीं जर्मन भाषेच्या वर्गांची चौकशी सुरू केली. त्यांच्या गांवच्या वहींत काय लिहून ठेवलें आहे, याची चौकशी त्यांपैकीं किती जणांनीं केली असेल?

जर्मनीची हरकत ऐकून आमचे एक स्नेही संतापले. हा देशाचा अपमान आहे, असें ते म्हणाले. मला तसें म्हणवलें नाहीं. कारण त्या वह्यांपैकीं एका वहींत मीं काय लिहिलें, हें मला ठाऊक आहे.

1994 सालचा जून महिना. शाळा उघडली होती, पाऊस अद्याप पडावयाचा होता, आणि आम्ही शिक्षक पटनोंदणीकरितां घरोघर हिंडत होतों. या मुलाची आई अंगणांत शेणानें सारवीत होती. मीं जन्मतारीख विचारली. ती म्हणाली, "भुलाबाईना दिनमा व्हयना हाऊ पोऱ्या." भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आपल्याकडे भुलाबाई बसतात, हें खानदेशांत कोणास सांगावयास नको. म्हणजे त्या माउलीनें मला एका महिन्याच्या आंतबाहेरची तारीख दिली होती, आणि ती खरी होती. पण भुलाबाईचे दिवस जनरल रजिस्टराच्या रकान्यांत लिहितां येत नाहींत. शाळेचें वर्ष जूनपासून. वय मोजावयाचें तेंहि जूनपासूनच. तेव्हां 1 जून घातली कीं वय नेमकें भरतें, हिशेब चुकत नाहीं आणि तपासणीस आलेले साहेब कांहीं विचारीत नाहींत. मीं 1 जून 1988 लिहिलें. आंकड्यांत लिहिलें, अक्षरांत लिहिलें, आणि खालीं सही केली. त्या वर्षींच्या माझ्या पहिलीच्या वर्गांत अर्ध्याहून अधिक मुलें 1 जूनलाच जन्मलेलीं होतीं.

हें एकट्या मीं केलें असें नव्हे. महाराष्ट्रांतील कोणत्याहि खेड्यांत जा, साठीच्या आंतबाहेरच्या माणसांत 1 जूनचे वाढदिवस मुबलक सांपडतील, आणि त्यावर लोक हंसतातहि. मीहि हंसत असें. परंतु या मुलाच्या बाबतींत एक गोष्ट अशी आहे कीं तिच्यावर मला हंसतां येत नाहीं. त्याच्या आजोबांनीं त्याचा जन्म वेळेवर नोंदविला होता. 1969 च्या जन्ममृत्यु नोंदणी कायद्याप्रमाणें ग्रामपंचायतींत वही होती आणि त्या वहींत 9 ऑक्टोबर ही तारीख होती. आईस तें ठाऊक नव्हतें. आजोबा तोंवर वारले होते. पण ग्रामपंचायतीची कचेरी शाळेपासून हांकेच्या अंतरावर होती. मी उठून तेथें गेलों असतों तर पांच मिनिटांचें काम होतें. मी गेलों नाहीं.

पुढें तीच तारीख माझ्या वहींतून दाखल्यावर गेली, दाखल्यावरून दहावीच्या कागदांवर, तेथून पासपोर्टावर. हॉलंडमध्यें बिऱ्हाड करून राहावयाचें तर तेथील नगरपालिकेंत नांव नोंदवावें लागतें, आणि त्या वेळीं ते लोक जन्माचा मूळ दाखला चिठ्ठीसह मागतात. तो दाखला मराठींत होता; त्याचें भाषांतर करविलें. मग पासपोर्टावरची तारीख निराळी निघाली. पासपोर्टावरची तारीख कोठून आली हें दाखविण्याकरितां त्यानें शाळेचा दाखला चिठ्ठीसह मागविला, आणि त्यामुळें घोटाळा मिटण्याऐवजीं पक्का झाला. त्याच्या बायकोची नोंदणीहि अडली, कारण विवाहाच्या दाखल्यावर पासपोर्टाचीच तारीख होती.

मीं त्याला सारें सांगितलें. तो रागावला नाहीं. रागावला असता तर बरें वाटलें असतें. दुसऱ्या दिवशीं आम्ही दोघे त्या शाळेंत गेलों. हल्लींच्या मुख्याध्यापिका बाईंनीं कपाटांतून जुनें रजिस्टर काढून दिलें. निळ्या शाईंतलें अक्षर माझेंच. मुलानें शाळा सोडल्यावर त्या रकान्यांत हात घालतां येत नाहीं, असें बाईंनीं नम्रपणें सांगितलें, आणि तें बरोबरच आहे. जन्ममृत्यूच्या वहीचा नियम मला अधिक शहाणपणाचा वाटला. तेथें चूक सिद्ध झाली तर मूळ नोंद न खोडतां समासांत दुरुस्ती लिहितात आणि खालीं तारखेसह सही करतात. दोन्ही गोष्टी वाचणाऱ्यापुढें राहतात. आमच्या रजिस्टरास समास होता, पण तो जातीचा दाखला आणि शेरा यांनीं भरून गेला होता.

एवढें बरें कीं, 1 ऑक्टोबर 2023 पासून दुरुस्त कायदा अमलांत आला आहे. त्या दिवशीं वा त्यानंतर जन्मलेल्या मुलास शाळेंत घालतांना जन्माचा दाखलाच तारखेचा पुरावा मानावयाचा. हीं मुलें पहिलींत येतील तेव्हां शिक्षकाच्या मर्जीची तारीख लिहिण्याची सोय राहणार नाहीं. आमच्या हातून गेलेल्यांचें काय?

मग मीं प्रतिज्ञापत्र करण्याचें ठरविलें. घरीं बसून मजकूर लिहिला: अमुक साली अमुक शाळेंत मी शिक्षक होतों, या मुलाची जन्मतारीख त्याच्या आईनें सांगितली नव्हती, ती मीं माझ्या अंदाजानें घातली, ग्रामपंचायतीच्या वहींतील नोंद मीं पाहिली नव्हती. सदतीस वर्षांच्या नोकरींत वरिष्ठांस पुष्कळ खुलासे लिहून दिले, परंतु असा खुलासा लिहिण्याचा प्रसंग आला नव्हता. जळगांवास कोर्टाच्या आवारांत नोटरीकडे गेलों. नोटरी तरुण होते. मजकूर वाचून त्यांनीं विचारलें, "सर, हें असें लिहिणें जरूर आहे काय? 'नजरचुकीनें' असें घालूं या." मीं म्हटलें, नजर चुकली नव्हती. त्यांनीं पुढें कांहीं न बोलतां शिक्का मारला.

तो कागद मुंबईस गेला, आणि कांहीं आठवड्यांनीं तशीच चौकोनी चिठ्ठी लागून परत आला. मीं पुन्हां त्या दहा ओळी वाचल्या. सहीच्या ओळींत मुंबईच्या एका अधिकाऱ्याचें नांव होतें, हुद्याच्या ओळींत त्याचा हुद्दा. माझें नांव त्या चिठ्ठींत कोठेंच नव्हतें. तें असण्याचें कारणहि नव्हतें. माझी सही नोटरीनें ओळखली, नोटरीची वरच्यानें, आणि वरच्याची परराष्ट्र खात्यानें. मीं आंत काय लिहिलें हें त्यांपैकीं कोणास विचारण्याचें कारण पडलें नाहीं.

आइंडहोवनच्या नगरपालिकेनें तो कागद ठेवून घेतला आहे आणि विचार चालू आहे, असें त्या मुलानें परवां फोनवर कळविलें. बायकोची नोंदणी अद्याप व्हावयाची आहे. तिकडून जन्मदाखल्याची तारीख धरली गेली तर इकडे पासपोर्ट बदलावा लागेल, आणि पासपोर्ट बदलला कीं बँक, नोकरी, विमा, सर्वत्र तीच विनंती करीत हिंडावें लागेल.

माझें वय आतां 67 आहे. 1979 पासून 2016 पर्यंत पारोळें, एरंडोल आणि अमळनेर या तालुक्यांत मिळून पांच शाळांत मीं मुलांचीं नांवें दाखल केलीं. त्यांपैकीं ज्यांना परदेशीं जावयाचें असेल, त्यांनीं तिकीट काढण्यापूर्वीं ग्रामपंचायतींतून जन्माचा दाखला आणावा आणि शाळेच्या दाखल्याशेजारीं ठेवून पाहावा. तारखांत तफावत असेल आणि रजिस्टरांत अक्षर माझें असेल, तर माझ्याकडे यावें. सकाळीं दहापर्यंत मी घरींच असतों. नोटरीकडे येण्यास मी तयार आहें. येण्याजाण्याचा खर्च माझा मी करीन.